सव्वा तोळा कॉफी

आमच्या घरी कॉफी व्हायची ती तीनच निमित्तांनी : एकादशी, आजारपण आणि जावई. चहाचं तसं नाही. चहाला निमित्त लागत नाही. तो मिळाला नाही तर मात्र भांडणाला निमित्त मिळतं. कॉफी म्हणजे सोहळा असे. पातेलंभर दूध, त्यात मूठभर साखर, किसणीवर चारदा ओढलेलं जायफळ, चिमूटभर वेलदोड्याची पूड आणि सगळ्यात शेवटी, कुणाच्या तरी भिडेखातर टाकावी तशी, डब्याच्या तळाशी खडा होऊन बसलेली कॉफी चमच्याने फोडून. दुधाचा रंग बदलला की कॉफी झाली. चव बदललीच पाहिजे अशी अट नव्हती. पिणारा ‘वा!’ म्हणायचा तो जायफळाला, आणि प्यायल्यावर अर्ध्या तासात लवंडायचा. साऱ्या जगात झोप उडवण्यासाठी कॉफी पितात. कॉफी पाजून पाहुण्याला झोपवण्याची विद्या फक्त मराठी घरांना साधलेली आहे.

अशा आमच्या घरात माझा भाचा अदिस अबाबाहून कॉफी घेऊन आला.

हा भाचा बंगळूरला नोकरीला असतो आणि कंपनी पाठवील त्या देशात जातो. पूर्वी परदेशाहून येणारा भाचा मामासाठी दाढीचं सामान आणायचा, मामीसाठी सेंटची बाटली आणायचा. ह्याने पाव किलोची एक पिशवी आणली आणि गारुड्याने टोपली ठेवावी तशी हळूच टेबलावर ठेवली. पिशवीला पुढून एक बारीक भोक होतं.

“फाटलीय वाटतं,” ही म्हणाली.

“नाही मामी, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भाजलेल्या बिया आतून वायू सोडत असतात. तो बाहेर जायला वाट हवी. बाहेरची हवा मात्र आत येत नाही.”

“म्हणजे तुझ्या मामांसारखंच. आतलं सगळं बाहेर येतं, बाहेरचं काही आत जात नाही.”

मी विषय बदलला. “मग करू या का आज?”

“छे, मामा! भाजून आठच दिवस झालेत. अजून आठवडाभर तरी विसावा द्यायला हवा तिला.”

लग्न होऊन ह्या घरात आल्यावर आठवडाभर विसावा कुणालाच मिळालेला नाही, असं ही स्वयंपाकघरात जाता जाता भांड्यांना सांगून गेली.

आता त्या पिशवीवरचा मजकूर. वर लिहिलं होतं : इथिओपिया, हरार, नॅचरल. खाली बारीक अक्षरांत : ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, रेड वाइन. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, “सगळी फळंच आहेत की रे. कॉफी कुठं लिहिलीय?”

“आजी, कॉफी हे फळच असतं,” भाचा म्हणाला.

आणि मग त्याने सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. कॉफीच्या झाडाला करवंदाएवढी फळं लागतात. पिकली की लालभडक होतात. आत थोडासा गोड गर आणि त्यात एकमेकींना पोट लावून बसलेल्या दोन बिया. आपण कॉफी म्हणतो ती ह्या बियांना. बी बाहेर काढायच्या मुख्य रीती दोन. एका रीतीत गर यंत्राने काढून टाकतात, बी पाण्यात आंबवतात आणि स्वच्छ धुऊन वाळवतात. दुसऱ्या रीतीत काहीच काढत नाहीत. अख्खं फळ उंच बांधलेल्या माचांवर उन्हात पसरायचं आणि दोन-दोन, चार-चार आठवडे वाळू द्यायचं. दिवसातून अनेकदा हाताने वरखाली करायचं, रात्री दव पडू नये म्हणून झाकायचं. जरा दुर्लक्ष झालं की बुरशी. गर सावकाश आंबतो, सुकतो आणि त्याचा गंध आतल्या बीला लागतो. शेवटी वाळलेलं टरफल काढून टाकायचं. ह्या रीतीला म्हणायचं नॅचरल.

“म्हणजे वाळवण!” आई एकदम सावरून बसली. साऱ्या आफ्रिका खंडाशी तिची तत्क्षणी ओळख पटली होती. “द्राक्षाचा बेदाणा करावा तसं. आणि कावळे?”

कावळ्यांची चौकशी भाच्याने केलेली नव्हती. कुरडयांपुढे काठी घेऊन बसण्यात ज्यांचे उन्हाळे गेले नाहीत, त्यांना वाळवणातला हा मुख्य प्रश्न सुचायचा कसा?

“धुण्याच्या रीतीला पाणी फार लागतं, आजी. हरारकडे पाणी बेताचं, ऊन मात्र भरपूर. म्हणून तिकडे पूर्वापार अशीच वाळवतात.”

पाणी बेताचं आणि ऊन भरपूर! हे वर्णन ऐकल्यावर त्या कॉफीविषयी आमच्या घरात आपुलकी निर्माण झाली. मराठवाड्यातल्या माणसाला ह्याहून जवळचा नातेवाईक कोण असणार?

आता इथे आमच्या शेजारच्या अण्णांची ओळख करून द्यायला हवी, कारण खरं तर ही हकिगत त्यांची आहे. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कालवे, चाऱ्या, पाइप, झडपा ह्यांखेरीज ज्या गोष्टी जगात आहेत त्या देवाने रिकामा वेळ होता म्हणून केल्या, असं त्यांचं मत आहे. बावीस वर्षं ते रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे चहाला येत. अडीच चमचे साखर. ह्या अडीच चमच्यांवर आम्ही जगातले सगळे प्रश्न मिटवलेले आहेत. मागच्या दिवाळीत त्यांचं रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी साखर बंद केली. पहिले आठ दिवस ते नेटाने बिनसाखरेचा चहा प्यायले. “पाण्यावाचून कालवा असतो ना, तसं लागतं हे,” असं म्हणत ते कप खाली ठेवायचे. मग ते एक दिवसाआड येऊ लागले. मग गुरुवारी. मग फाटकातूनच पेपर मागून नेऊ लागले. आपल्याला वाटतं माणसं भांडणाने तुटतात. अडीच चमचे साखरेनेही तुटतात, हे मी ह्या वर्षी पाहिलं. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. पण पाच वाजले की आमची ही उगीचच चार कप काढायची आणि एक परत ठेवायची.

कॉफीचा विसावा संपला त्या दिवशी मी फाटकातच अण्णांना अडवलं. “पाचला या. बिनसाखरेची कॉफी आहे, आणि भाचा म्हणतो गोड लागते.”

“बिनसाखरेची अन् गोड? कामून फसवता राव म्हाताऱ्याला!” असं म्हणत ते आले मात्र बरोबर पाचला.

भाच्याने टेबलावर सामान मांडलं होतं. सत्यनारायणाला लागतं त्याहून थोडंच कमी. काटा, हाताची चक्की, घड्याळ, थर्मामीटर, बगळ्याच्या मानेची किटली, काचेचं भांडं आणि त्यावर कानाचं नरसाळं. पहिला विधी वजनाचा. १५ ग्रॅम कॉफी, तिला २४० ग्रॅम पाणी. पाणी ग्रॅममध्ये मोजणारा माणूस अण्णांनी आयुष्यात प्रथमच पाहिला. ते आजवर दशलक्ष घनमीटरच्या खाली उतरलेले नव्हते. आई अजून तोळ्यात हिशेब करते. १५ ग्रॅम म्हणजे साधारण सव्वा तोळा, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, “सव्वा तोळ्याचं माझं मंगळसूत्र होतं.” त्यानंतर एकही बी जमिनीवर सांडली नाही.

दळण्याचं काम माझ्याकडे आलं. ही कॉफी कमी भाजलेली, त्यामुळे बी कडक. रव्यापेक्षा जाड आणि लापशीपेक्षा बारीक दळायची. फार बारीक दळली तर पाणी अडतं आणि कॉफी कडू होते. जाड राहिली तर पाणी नुसतंच पळून जातं. ज्या गावात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी, कित्येक मैलांवरचं पाणी जमिनीखालून आणून त्याच्या धारेवर जातं फिरवलं गेलं, ती पाणचक्की पाहायला देशोदेशीचे लोक येतात, त्या गावात एक म्हातारा माणूस सव्वा तोळ्यासाठी पाच मिनिटं हात फिरवत होता. मला पाहायला कुणी आलं नाही.

मग नरसाळ्यात कागद. कागदातून कॉफी गाळण्याची युक्ती जर्मनीतल्या ड्रेसडेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीची. कपाच्या तळाशी येणाऱ्या गाळाला कंटाळून तिने मुलाच्या वहीतला टीपकागद काढला, पितळी भांड्याला भोकं पाडली आणि त्यातून कॉफी गाळली. १९०८ साली तिने त्याची रीतसर नोंदणी करून पेटंट घेतलं. आमच्या वेळी शाळेत टीपकागदाचा उपयोग फक्त दौत सांडल्यावर होई, आणि दौत सांडल्यावर मार बसे. एका बाईने त्यातून कारखाना काढला. वस्तू तीच असते, पण ती कुणाच्या हाती पडते ह्यावर सारं असतं.

भाच्याने कागद नीट बसवला, त्यावर किटलीतून भरपूर गरम पाणी ओतलं आणि खाली जमलेलं पाणी घेऊन तो मोरीकडे निघाला.

“कुठं निघालास?” हिने त्याची वाट अडवली.

“कागद धुतला मामी. नाहीतर कागदाची चव उतरते.”

“आणि ते पाणी?”

“फेकतोय.”

बंगळूरला कागद धुऊन पाणी फेकत असतील. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवसाला वाराच्या नावाने ओळखत नाहीत, ‘पाण्याचा दिवस’ म्हणतात. त्या दिवशी लग्नाची बोलणी ठेवत नाहीत. हिने ते भांडं त्याच्या हातून काढून घेतलं, निववलं आणि तुळशीला घातलं. त्या दिवसापासून आमच्या तुळशीला रोज कागदाचं पाणी मिळतं. तब्येत चांगली आहे तिची.

पाणी उकळलं. “शंभर अंश झालं असेल,” मी म्हणालो. “अठ्ठ्याण्णव,” अण्णा म्हणाले. “आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं शंभराला पाणी उकळत नसतं.” भाच्याने त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. त्याला ९३ अंश हवं होतं. अशा फळाच्या कॉफीला फार कढत पाणी घातलं तर आंबल्याचा वास पुढे येतो म्हणे. मग त्याने भुकटीवर जेमतेम भिजेल एवढं, ३० ग्रॅम पाणी, गोल गोल फिरवत टाकलं आणि थांबला.

भुकटी फुगली. गव्हाच्या पिठाचा गोळा फुगावा तशी वर आली, तिच्यावर बुडबुडे आले, ते फुटले. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. खोलीभर एक वास पसरला, आणि तो कॉफीचा नव्हता. कुठल्या तरी पिकल्या फळाच्या टोपलीवरचं फडकं काढल्यासारखं झालं.

“ही हवा निघतेय,” अण्णा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. बऱ्याच महिन्यांनी तो पाटबंधारे खात्याचा झाला होता. “आत हवा कोंडलेली असली की पाणी शिरत नाही. आधी हवा काढावी लागते. पाइपलाइनचं पहिलं तत्त्व आहे हे. नहर-ए-अंबरीत काय केलंय? डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून गावात आणलं. ना पंप, ना वीज, नुसत्या उतारावर. पण नळात हवा अडकली तर पाणी तुंबणार, नळ फुटणार. म्हणून मधेमधे उंच मनोरे बांधलेत. हवेला वाट दिलीय. तुझं हे नरसाळं म्हणजे तीच नहर आहे बेटा, फक्त वीतभर.”

पंचेचाळीस सेकंद झाले होते. भाचा पाणी ओतायचं विसरून अण्णांकडे पाहत होता. “अगदी बरोबर, काका. तो कार्बन डायऑक्साइड असतो.”

“तो कुणी का असेना. हवा ती हवा.”

मग उरलेलं पाणी सावकाश, बारीक धारेने, मधून बाहेर आणि बाहेरून आत. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं खाली उतरलं. काचेच्या भांड्यात जे जमलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि पारदर्शक होतं. ही कॉफी असेल तर आजवर आम्ही काय पीत होतो, असा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

“गार होतेय, घ्या,” ही सवयीने म्हणाली.

“थांबा, थांबा. थोडी गार होऊ द्या. गार होताना फळ बाहेर येतं.”

मराठी आतिथ्याचा सारा डोलारा ‘गार होईल, घ्या’ ह्या तीन शब्दांवर उभा आहे. तो एका वाक्यात कोसळला. आम्ही चार कप समोर ठेवून, काकडआरतीची वाट पाहत बसावं तसे गप्प बसलो. आणि मग घोट घेतला.

आई म्हणाली, “आमसूल.” थोडं थांबून म्हणाली, “नाही, सुकं अंजीर. पण आमसुलाच्या डब्यात ठेवलेलं.” ही म्हणाली, “जांभूळ. जीभ पाहा निळी झालीय का माझी.” अण्णांनी डोळे मिटले. “किनवटला होतो मी तीन वर्षं. उन्हाळ्यात पहाटे जंगलातून जीप जायची. मोहाची फुलं गळून पडलेली असायची. तो वास आहे हा.” मग घाईघाईने म्हणाले, “फुलांचा म्हणतोय मी. दारूचा नाही.”

“ब्लूबेरी कुणालाच लागली नाही?” भाचा हिरमुसला. पण आमच्यापैकी कुणी ब्लूबेरी खाल्लेलीच नव्हती. जी चव कधी जिभेवर आली नाही तिची आठवण कशी येणार? माणूस जन्मभर खाल्लेल्या फळांतूनच नवं फळ ओळखतो. मी म्हणालो, “मला कॉफीची चव लागतेय.” त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे, आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. कप अगदी कोमट झाल्यावर मात्र शेवटच्या घोटाला मला करवंद लागलं. काळंभोर पिकलेलं, जाळीतून हात ओरबाडून घेत काढलेलं. साखरेचा कणही नसताना ते गोड होतं. पण मी ते बोललो नाही. उशिरा येणाऱ्या साक्षीदारावर कुणी विश्वास ठेवत नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला तो रिकामा होता.

हरार हे नाव मी त्याआधी कॉफीच्या नव्हे, मलिक अंबरच्या संदर्भात ऐकलेलं होतं. आमचं शहर नावांच्या बाबतीत अनुभवी आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये ते वसवलं तेव्हा खडकी, १६२६ मध्ये तो वारल्यावर त्याच्या मुलाच्या नावावरून फतेहनगर, मग औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद आणि २०२३पासून छत्रपती संभाजीनगर. पत्ता सांगताना आमच्या तीन पिढ्या तीन तऱ्हांनी अडखळतात. पण पहिली कुदळ मारणारा हा अंबर इथिओपियाचा, १५४८च्या सुमारास जन्मलेला. हरारच्या बाजूचा, असं सांगणारेही आहेत. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला. मोख्याच्या बाजारात, मग बगदादेत आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत, तिथल्या पेशव्याकडे. विकत घेतलेला हा पोरगा पुढे स्वतःच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. शहाजीराजांसारखे मराठे सरदार १६२४च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाला तो आयुष्यभर पुरून उरला. शेवटी बादशहाने अंबरच्या कापलेल्या शिरावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र अबुल हसन ह्या दरबारी चितारीकडून काढून घेतलं. प्रत्यक्षात जमत नसलेली गोष्ट भिंतीवर करून दाखवायची रीत तेव्हापासूनची आहे तर!

आणि कॉफीचा रस्ताही तोच, बरं का. इथिओपियातून समुद्र ओलांडून मोखा. तिथूनच बाबा बुदन ह्या फकिराने सतराव्या शतकात सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्याच मोख्याहून १६१६ मध्ये कॉफीची रोपं हॉलंडात नेल्याचं श्रेय ज्याला देतात तो पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी पुढच्याच वर्षी, १६१७ मध्ये, दख्खनमध्ये मलिक अंबरला भेटला आणि त्याने त्याच्याविषयी लिहून ठेवलं. एका बंदरातून माणूसही विकला गेला आणि बीही. बी जिथं गेली तिथं तिची लागवड झाली. माणूस जिथं आला तिथं त्याने शहर वसवलं, भडकल दरवाजा बांधला आणि तहानलेल्या गावात जमिनीखालून पाणी आणलं. पाणी बेताचं असलेल्या मुलखातूनच आला असेल तो. भरल्या नदीकाठच्या माणसाला अशी नहर सुचत नाही. आज खुलताबादला त्याची कबर आहे. वेरूळला जाताना आमच्या बस तिच्या जवळून जातात. खिडकीतून बोट दाखवणारा क्वचितच कुणी असतो.

दुसऱ्या दिवशी हिने कॉफीच्या भांड्याकडे जायफळ आणि किसणी घेऊन मोर्चा वळवला. भाचा मधे आडवा पडला. “मामी, पाप आहे हे!”

“बरं, त्या इथिओपियात कशी पितात ते सांग.”

भाचा खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. त्याने सांगितलं, की तिथे घरी पाहुणा आला की घरधनीण जमिनीवर गवत पसरते, ऊद जाळते, हिरव्या बिया पाहुण्यादेखत तव्यावर भाजते, कुटते आणि जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळते. कागद नाही, काटा नाही, घड्याळ तर नाहीच. कुणी साखर घालतं, काही भागांत मीठ किंवा लोणी घालतात, कुणी एका वनस्पतीची डहाळी बुडवतात. बरोबर मक्याच्या लाह्या.

“म्हणजे लोणी चालतं आणि माझं जायफळ पाप?” हिने विचारलं. त्यावर बंगळूरपाशी उत्तर नव्हतं. तडजोड म्हणून आईच्या कपात किंचित जायफळ पडलं. आई त्या रात्री उत्तम झोपली.

“आणि एकाच बुकणीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या देतात,” भाचा सांगत होता. “पहिली अबोल, दुसरी तोना आणि तिसरी बराका. तिसरी घेतल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नसतं.”

“बराका म्हणजे बरकत की काय?” अण्णांनी विचारलं.

“तोच अरबी शब्द, काका.”

शहागंजात भाजीवाला भोवनी झाली की जो शब्द कपाळाला लावतो, तोच. अण्णा खुर्चीत मागे रेलून बसले. “मग माझी तिसरी फेरी बाकी आहे,” ते म्हणाले, आणि आमच्या नरसाळ्यातल्या त्याच बुकणीवर त्यांनी आणखी दोनदा पाणी ओतून घेतलं. भाच्याने मान दुसरीकडे वळवली. तिसरं पाणी म्हणजे कॉफीची नुसती अफवा होती. अण्णांनी ते चवीने संपवलं.

भाचा गेला. जाताना सामान ठेवून गेला आणि मोजून दहा कागद. मग कॉफीचा कारभार आपसूकच अण्णांच्या हाती गेला. त्यांनी पहिला हात पाण्याला घातला. एक दिवस बोअरच्या पाण्याची केली : फळ गायब, सगळं सपाट. एक दिवस जारच्या पाण्याची केली : आंबटपणा टोचणारा आणि मधे पोकळ. अण्णांनी निकाल दिला. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार फळाचा आंबटपणा मारून टाकतात. जारचं पाणी इतकं गाळलेलं, की चव ओढून घ्यायला त्यात काही शिल्लकच नाही. थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम हवंच. म्हणून दोन भाग जारचं आणि एक भाग बोअरचं. पाण्याच्या दिवशी मात्र थेट नळाचं, पैठणच्या नाथसागरातून आलेलं. ते सगळ्यात उत्तम. “गोदावरी आहे ती,” ते म्हणायचे. जणू काही आपणच सोडली आहे.

कागद संपले तेव्हा हिने श्रीखंडासाठी चक्का बांधायचं फडकं दोनदा उकळून दिलं. कापडातून बियांचं तेलही उतरतं, त्यामुळे कॉफी जरा दाट आणि मऊ लागली. आईला हीच पसंत पडली. आमच्या घरातल्या फडक्याने जर्मनीच्या कागदावर मात केली, असं ती फोनवर सगळ्या बहिणींना सांगत होती.

पाव किलोत सव्वा तोळ्याप्रमाणे सोळा वेळा कॉफी होते. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी मनाशी केलेला होता, आणि कुणाला सांगितलेला नव्हता. चौदा झाले, पंधरा झाले. अण्णा रोज पाचला येत होते, हवा काढत होते, जगाचे तुंबलेले प्रश्न पुन्हा वाहते झाले होते. सोळाव्या दिवशी पिशवी उलटी करून झटकली. ती वाया गेली नाही. हिने तिच्यात वेलदोडे भरून ठेवले. चिखलदऱ्याला, म्हणजे आपल्याच विदर्भात, कॉफी पिकते, तिथून कुणाकडून तरी मागवू, असं अण्णा उठता उठता म्हणाले. पण ते मागवणं म्हणजे महिना तरी जाणार. मी फाटकापर्यंत त्यांना पोचवायला गेलो आणि काही न बोलता परत आलो.

सतराव्या दिवशी पाचला फाटक वाजलं. अण्णा काखेत पाण्याची बाटली घेऊन उभे होते.

“आज आलं होतं,” ते म्हणाले. “ताजं आहे. तुमच्याकडं बोअरचंच वापरतील म्हणून आणलं.”

हिने बाटली घेतली, आत गेली आणि त्या पाण्याचा आलं घातलेला चहा केला. बिनसाखरेचा. काढले ते चार कप, आणि चारही भरले. अण्णांनी घोट घेतला, कपात डोकावून पाहिलं आणि विचारलं, “ह्याच्या फेऱ्या किती?”

“तीन,” ही म्हणाली.